कसेल त्याची जमीन, खोलेल त्याचे इंजिन



जुना ट्रॅक्टर दारात उभा आहे. धूर सोडतो, ऑइल खातो, थंडीच्या सकाळी चालू होता होत नाही. त्याचे काय करायचे, असे जिल्ह्यात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते. भंगारात घाला, नवा घ्या. विक्रेता हेच सांगतो, बँकेतला साहेब हेच सांगतो, कृषी खात्याचा माणूस हेच सांगतो. घरचा मुलगाही हेच सांगतो, कारण त्याने शेजारच्या गावात नवा उतरताना पाहिलेला असतो. चार तोंडांतून एकच सल्ला येऊ लागला की शेतकऱ्याने आधी विचारावे, यात कोणाचे भले आहे?

आमचे म्हणणे सरळ आहे. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन घरच्या अंगणात, गावातल्या मिस्त्रीला हाताशी धरून पुन्हा बांधता येते. हे हौशी माणसाचे खूळ नव्हे. कर्ज टाळण्याचा तो एक मार्ग आहे, आणि आपल्या भागात कर्ज टाळणे म्हणजे जमीन वाचवणे. असे असताना या कामात जागोजागी अडथळे घालून ठेवले आहेत. ते कोणी घातले आणि कसे काढायचे, हे जिल्हा बैठकीपुढे मांडण्यासाठी हा मजकूर.

हप्ता भातात मोजा

पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर आज सहा-साडेसहा लाखांच्या आसपास जातो. त्यातले पाच लाख कर्जाने काढले, व्याज दहा टक्के, मुदत पाच वर्षे, हप्ता सहामाही, असे धरू. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करून पाहावे. दर सहा महिन्यांनी पासष्ट हजारांच्या घरात हप्ता येतो, वर्षाचे झाले एक लाख तीस हजार. आता हे रुपये भातात मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवली. तो भाव पुरता हातात पडला असे मानले, तरी वर्षाचा हप्ता म्हणजे पंचावन्न क्विंटल भात. एकरी अकरा क्विंटल धरले तर पाच एकरांचे सगळे पीक. यात बियाणे नाही, खत नाही, लावणी-कापणीची मजुरी नाही, घरात खायला ठेवायचे तांदूळही नाहीत.

हमरापूर, जोहे, कळवे, दादर, सोनखार या पट्ट्यात सलग पाच एकर भातशेती किती घरांकडे उरली आहे? ज्याच्याकडे दोन एकर, त्याने पाच एकरांचा हप्ता कोठून आणायचा?

विक्रेत्याकडे याचे उत्तर तयार असते. भाड्याने चालवा, हप्ता आपोआप निघेल. पण खारेपाटात चिखलणीचे दिवस सगळ्यांचे एकच असतात. पाऊस लागला की दोन-तीन आठवड्यांत अख्ख्या गावाची शेते उरकायची. तेवढ्या दिवसांत एक ट्रॅक्टर किती फिरणार? गावात आणखी चार नवे आले की भाडे पाडायची चढाओढ लागते. मग उरलेले दहा महिने तो ट्रॅक्टर रेती-विटा ओढतो, आणि शेतीच्या नावाने काढलेले कर्ज शेतीबाहेरच्या मजुरीतून फेडावे लागते.

आणि हप्ता थकला तर? एवढ्या मोठ्या कर्जापायी बहुतेकांच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो. इतर जिल्ह्यांत बोजा म्हणजे चिंता, आपल्याकडे ते संकट आहे. सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर पेण तालुक्यातल्या २२ गावांचे जनमत २१ सप्टेंबर २००८ रोजी घेतले गेले, ते आपण विसरलेलो नाही. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर नव्या नगराची अधिसूचना २०२४ साली निघाली, तीही आपल्यासमोर आहे. जमिनीवर डोळा असणारा माणूस आधी गावात कोणाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे ते पाहतो. बोजाखाली वाकलेला शेतकरी मोर्चात मागे राहतो आणि सौद्यात पुढे जातो. म्हणून आम्ही म्हणतो की इंजिनाचा प्रश्न हा शेवटी जमिनीचाच प्रश्न आहे.

पुन्हा कूळ

या जिल्ह्याला कूळ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप सुरू केला आणि १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसली नाही. उपाशी राहिले, लाकडे विकली, पण खंड भरला नाही. त्या झगड्यातून पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आपल्या आजोबांनी पोटाला चिमटा काढून मिळवले.

आता ट्रॅक्टरकडे पाहा. पैसे आपण दिले, नाव आपले, पासबुकात बोजा आपला. पण दुरुस्तीचे पुस्तक कंपनीकडे, खास पाने विक्रेत्याकडे, सुट्या भागांची यादी त्याच्या संगणकात. तो सांगेल त्या दिवशी न्यायचा, तो सांगेल तेवढे मोजायचे. जमीन होती पण हक्क खोताचा, तशीच ही गत. जमिनीवरचे कूळपण घालवले आणि यंत्रावरचे ओढवून घेतले. खंड आता सर्व्हिस बिलाच्या नावाने भरतो आहोत.

यंत्र उघडणे हे आपले कामच नव्हे, असे शिकवणारी एक शाळाही आहे. आम्ही शेतकीचे पदवीधर. ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे किंवा दहा हजार तास धरावे, दरवर्षी इतका घसारा लावावा, हे आम्ही घोकले आणि परीक्षेत लिहिले. इंजिनाचे हेड उचलून आत काय असते ते मात्र पदवी मिळेपर्यंत कोणी दाखवले नाही. घसारा हा हिशेबनिसाचा शब्द आहे. त्याच्या वहीत दहा वर्षांनी ट्रॅक्टरची किंमत नाममात्र उरते. शेतात मात्र पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर नांगर ओढत असतो, कारण कोणीतरी तो वेळेवर उघडला, मोजला आणि पुन्हा बांधला.

हमरापुरात इंजिन बांधले ते असे

बोलणाऱ्याने करून दाखवावे, म्हणून आमच्या गटाने एक काम हाती घेतले. हमरापूर भागातल्या एका अंगणात जुना बी-२७५ कित्येक पावसाळे ताडपत्रीखाली उभा होता. या ट्रॅक्टरचे कूळ-मूळ सांगण्यासारखे आहे. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली आणि १९६५ पासून तिचा बी-२७५ बाहेर पडू लागला. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याचा. इंजिन चार सिलिंडरचे, ताकद पस्तीस हॉर्सपॉवरच्या घरातली. १९६१-६२ साली देशात मोजून ८८० ट्रॅक्टर तयार झाले होते. त्या काळात ट्रॅक्टर मिळवायला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून ज्याला मिळाला त्याने तो जिवापाड जपला, आणि गावोगाव त्याची नस ओळखणारे मिस्त्री तयार झाले.

भाताची झोडणी आटोपल्यावर आम्ही सुरुवात केली आणि शिमग्याच्या आधी ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मोठा कारखाना लागला नाही. तीन लोखंडी पाइपांची तिकाटी, तिला टांगलेली चेनकप्पी, खाली सपाट लादी, पान्यांचा संच, टॉर्क पाना, फीलर गेज, मायक्रोमीटर आणि बोअर गेज. शेवटची दोन हत्यारे महाग, ती आम्ही वर्गणीतून घेतली. गटाने मिळून एकदा घेतली की गावाला पिढीभर पुरतील.

पहिला धडा, खोलण्याआधी निदान. धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बहुतेकदा एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल खराब. पांढरा धूर थांबतच नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, नाहीतर पाणी आत शिरले आहे. ब्रीदरमधून फकाफका वाफारा येत असेल तर रिंगा आणि लायनर संपत आले. पुष्कळदा फिल्टर, नोझल आणि टॅपेट एवढ्यावरच रोग बरा होतो. अशा इंजिनाला फुल काम करायला लावणारा मिस्त्री असला तरी त्यालाही प्रश्न विचारावा.

दुसरा धडा, खोलताना खुणा. आमच्या ट्रॅक्टरला पूर्ण काम लागणार हे दिसत होते. हेड उचलले, ऑइलची कढई काढली, पिस्टन वर ओढून घेतले. बेअरिंगची प्रत्येक टोपी तिच्या जागेचीच असते, अदलाबदल चालत नाही. पुशरॉडसुद्धा ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून खोचून ठेवायचे. खोलणे सोपे असते. पुन्हा बांधताना शेवटी हातात एक बोल्ट उरू नये, यासाठी ही शिस्त.

तिसरा धडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, तो मोजण्याचा. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा लायनर वरच्या टोकाशी झिजलेला असतो, कारण वरची रिंग तिथूनच उलटी फिरते आणि उष्णताही तिथेच जास्त. म्हणून बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा असा मोजायचा. क्रँकचे गोळे लंबगोल झाले आहेत का ते मायक्रोमीटर सांगतो. मिस्त्री ज्याला थाऊ म्हणतात तो इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ घासायचे की वीस, यावर बेअरिंग कोणते आणायचे ते ठरते. हे अंदाजाने केले तर नवे इंजिनही वर्षभरात खडखडते. आमच्याकडे मोजणीला बसला तो गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा तरुण. गणपती गेल्यावर कारखान्यातले हात थोडे मोकळे असतात. ज्याचा कुंचला डोळ्याच्या कडेवर केसभर हलत नाही, त्याला फीलर गेजची पाती ओळखायला एक सकाळ पुरली. ज्या गावाच्या घराघरांत गणपती घडतात आणि मुंबई-पुण्याच्या मखरात जाऊन बसतात, त्या गावाला हाताचे बारीक काम जमणार नाही, असे कोणी आम्हाला सांगू नये.

चौथा धडा, काय घरी करायचे नाही. क्रँक घासणे, बोअर करणे, हेडची पाठ सरळ करणे ही लेथवाल्याची कामे. डिझेल पंप आणि नोझल टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्यावेत. नोझलमधून सुटलेला डिझेलचा फवारा कातडीतून आत घुसतो. त्याच्यापुढे हात धरून पाहण्याचा नाद जिवावर बेतू शकतो. घरी बांधणे याचा अर्थ सगळे घरीच करणे असा नव्हे. काय चालले आहे ते मालकाला कळणे आणि मोजमाप मालकाच्या वहीत असणे, हा त्याचा अर्थ.

बांधताना रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत, हेडचे बोल्ट मधून बाहेर आणि तीन टप्प्यांत आवळले, चालू करण्याआधी ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत डिझेल बंद ठेवून इंजिन फिरवले. पहिले काही तास हलके काम, मग पुन्हा बोल्ट तपासणी, मग ऑइल बदल. खारेपाटासाठी आणखी दोन गोष्टी. खाऱ्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. आत खपली धरते, धातू खाते आणि इंजिन तापते. केज व्हील लावून चिखलणी झाली की मागचा धुरा आणि ब्रेक धुऊन पाहावेत. खारा चिखल ऑइल सीलचा वैरी आहे. आणि रस्त्यावर आणण्याआधी ब्रेक. इंजिन बांधले आणि ब्रेक तसेच ठेवले, तर तो शहाणपणा नव्हे.

खर्च? सुटे भाग, लेथ, पंप-नोझल, ऑइल आणि मिस्त्रीची मजुरी धरून पाऊण लाखाच्या आत. नव्या ट्रॅक्टरच्या एका वर्षाच्या हप्त्यापेक्षा कमी. सातबारा कोरा.

अडवणूक कोठे होते

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. एका विक्रेत्याकडे बेअरिंगचा संच मागितला. 'मॉडेल बंद आहे,' असे उत्तर आले. तोच संच बाजारातल्या लहान दुकानात मिळाला, पण खरा की नकली हे ओळखायला भागांची अधिकृत यादी हवी, ती देणार कोण? वर्कशॉपचे पुस्तक मागितले तर ते 'ग्राहकांसाठी नसते' असे कळले. शेवटी एका जुन्या मिस्त्रीच्या पेटीतून तेलाने माखलेली इंग्रजी प्रत मिळाली. त्यातले टॉर्कचे आकडे, टॅपेटची फट आणि बेअरिंगची मापे आम्ही मराठीत उतरवून पडवीच्या भिंतीवर लावली. एवढे साधे काम साठ वर्षांत कोणत्याही खात्याला सुचले नाही.

सरकारचे धोरण पाहा. २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाचे उपअभियान चालू आहे. महाडीबीटीवर अर्ज करा, निवड झाली तर नव्या यंत्रावर अनुदान. जुने इंजिन बांधायला एक रुपया नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के आणि टायर, हायड्रॉलिक पंप अशा भागांवर १८ टक्के. म्हणजे नवे घेणाऱ्याला सूट आणि जुने राखणाऱ्याला दंड. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर आणि त्याच्या अशा अनेक भागांवर कर ५ टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. पण आठ वर्षे आपण जो फरक भरला तो कोणत्या न्यायाने, हे कोणी सांगितले नाही. शिवाय कमी झालेला कर दुकानाच्या बिलात दिसतो का, ते आता आपणच तपासायचे आहे.

कंपनी कायमची नसते, हेही लक्षात ठेवा. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटोरच्या सहकार्याने १९७१ साली पिंजोरला सरकारी एचएमटीने ट्रॅक्टर काढले. २०१६ साली केंद्राने तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कारखाना गेला, ट्रॅक्टर चालतच राहिले, कारण त्यांचे ज्ञान मिस्त्रींच्या हातात होते. उद्याच्या यंत्रांचे ज्ञान फक्त कंपनीच्या संगणकात असेल, तर कंपनी बुडताच यंत्रही बुडेल.

आणि ती वेळ दूर नाही. १ जानेवारी २०२३ पासून पन्नासपेक्षा जास्त हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले. त्यासाठी इंजिनात संगणक आला, डिझेलचा पुरवठा विजेच्या इशाऱ्यावर होऊ लागला. आपल्या लहान ट्रॅक्टरपर्यंत हे आज ना उद्या येणारच. आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. धूर कमी व्हावा हे आम्हालाही हवे आहे. आमचे भांडण संगणकाशी नसून त्याला लावलेल्या कुलपाशी आहे. कोणता सेन्सर गेला हे सांगणारे यंत्र शेतकऱ्याला आणि गावच्या मिस्त्रीला विकत मिळाले पाहिजे. ते फक्त विक्रेत्याकडे ठेवायचे, हे धुराच्या नियमात कोठेही लिहिलेले नाही.

अमेरिकेतही हेच रडगाणे

अमेरिकेतला शेतकरी शेकडो एकरांचा धनी, पण त्याचीही हीच अडवणूक. तिथे जॉन डिअर कंपनीचे ट्रॅक्टर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवाचून अडू लागले, तेव्हा शेतकरी संघटित झाले. कोलोराडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्याला शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रश्नावर जॉन डिअरला कोर्टात खेचले. एवढ्या मोठ्या शेतकऱ्यालाही हक्क मागून मिळाला नाही, भांडावे लागले.

आपल्याकडे काय? २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, पण भाग अडवणे हा गुन्हा आहे हे कागदावर आले. मोटारवाल्यांसाठी आले, ट्रॅक्टरवाल्यांसाठी कोण बोलले? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने जी चार क्षेत्रे निवडली त्यात शेतीची अवजारे होती. त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळही निघाले. कायदा मात्र आजही नाही. संकेतस्थळाने पिस्टन बदलत नाही.

काही आक्षेप

जुना ट्रॅक्टर प्रदूषण करतो, असे म्हणतात. बिघडलेला करतो. नोझल, पंप आणि फिल्टर ठीक असलेले जुने इंजिन नव्याइतके स्वच्छ होणार नाही, हे आम्ही कबूल करतो. पण काळा धूर ओकत राहणार नाही. वर्षात थोडेच दिवस शेतात चालणारा ट्रॅक्टर मोडून नवा ओतायचा, तर त्या लोखंडाच्या भट्टीचा धूर कोणाच्या खात्यात धरायचा?

दहा वर्षे झाली की ट्रॅक्टर सक्तीने भंगारात जाणार, अशी अफवा मोबाइलवर फिरते. ती खोटी आहे. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहन आहे. पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. केंद्रीय वाहतूक मंत्रालयानेही तसा खुलासा केला आहे. ही अफवा सांगून नवा ट्रॅक्टर गळ्यात मारणारा भेटला, तर त्याला लेखी द्यायला सांगा.

सगळेच जुने ट्रॅक्टर उठतात का? नाही. ब्लॉक फुटला असेल, क्रँक शेवटच्या मापाच्याही खाली गेली असेल, तर मोह धरू नये. त्याचे चालते भाग दुसऱ्याला जगवतील. नवा ट्रॅक्टर कोणी घेऊच नये असेही आम्ही म्हणत नाही. ज्याचा हिशेब बसतो त्याने अवश्य घ्यावा. हिशेब न मांडता, लाजेपोटी किंवा चढाओढीत घेऊ नये.

शेतकऱ्याने शेती करावी, मिस्त्रीगिरी कशाला, असेही काही शहाणे विचारतात. त्यांनी आपल्या राज्याचा इतिहास वाचावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावात सायकलींचे दुकान होते, विक्रीचे आणि दुरुस्तीचे. त्या दुकानाच्या माणसाने १९०३ साली लोखंडी नांगर ओतला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आराखडा करून आपल्याच अभियंत्यांनी १९७४ साली स्वराज ७२४ बाजारात आणला, तोही यंत्रे उघडून पाहणाऱ्या डोक्यांनी. ज्या गावात दुरुस्ती चालते त्या गावात उद्या काहीतरी नवे घडण्याची शक्यता असते. जिथे फक्त खरेदी चालते तिथे दुकाने वाढतात.

आमच्या मागण्या

१. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा व्हावा. दुरुस्तीचे पुस्तक, भागांची यादी आणि तपासणीची साधने मालकाला व गावच्या मिस्त्रीला वाजवी दरात मिळावीत. पुस्तक मराठीत असावे.

२. मॉडेल बंद केले तरी पुढची वीस वर्षे त्याचे महत्त्वाचे भाग पुरवण्याचे बंधन कंपनीवर असावे. तिला ते झेपत नसेल, तर तिने भागांची रेखाचित्रे खुली करावीत.

३. नव्या ट्रॅक्टरवर जसे अनुदान, तसे जुन्याच्या पूर्ण इंजिन कामावर द्यावे. सातबाऱ्यावर बोजा न चढवता दुरुस्तीसाठी लहान कर्ज मिळावे.

४. आयटीआयत 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम आहे. त्यातल्या मुलांची प्रात्यक्षिके गावातल्या इंजिन शिबिरांत व्हावीत. खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भातासाठी पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या चिखलात टिकणाऱ्या यंत्रासाठीही कोणीतरी डोके चालवावे.

आणि आपले काम

मागण्या मंजूर होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. प्रत्येक तालुक्यात एक इंजिन गट करावा. मोजण्याची हत्यारे वर्गणीतून घ्यावीत. दिवाळी ते शिमगा या काळात प्रत्येक गटाने निदान एक इंजिन बांधावे, आणि बांधताना गावातली दोन मुले आणि दोन मुली शेजारी बसवाव्यात. प्रत्येक ट्रॅक्टरची एक वही ठेवावी. कोणते माप किती निघाले, कोणता भाग कोठून किती रुपयांना आणला, किती तास चालला, हे त्यात लिहावे. विक्रेत्याने भाग नाकारला तर तारीख घालून तेही लिहावे. उद्या समितीपुढे किंवा आयोगापुढे जायची वेळ आली, तर भाषणापेक्षा या वह्या उपयोगी पडतील.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी एअर फिल्टर उघडून पाहा, ऑइलची काडी पुसून पाहा, आणि जे दिसेल ते वहीत लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही सोबत आणा. ज्यांच्या दारात जुना ट्रॅक्टर पडून आहे त्यांनी त्याचे मॉडेल, साल आणि दुखणे लिहून आणावे. पहिली शिबिरे कोठे घ्यायची ते त्यावरून ठरवू.

चरीच्या माणसांनी सहा वर्षे कळ सोसून जमिनीचा हक्क मिळवला. आपल्याला पाना हातात धरायचा आहे, एवढेच.

कसेल त्याची जमीन, खोलेल त्याचे इंजिन!